गुडघ्याचं शास्त्र शिकायचंय, घर म्हणतं आता कशाला

ताई,

अमळनेर तालुक्यातल्या शाळेत तुम्ही १७ वर्षं क्रीडाशिक्षिका आहात, वय ४३. गेल्या मोसमात कबड्डी खेळताना तुमच्या एका विद्यार्थिनीच्या गुडघ्याचं लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, फाटलं आणि तिचा खेळ सुटला. तेव्हापासून कायनेसिऑलॉजी, म्हणजे शरीराच्या हालचालींचं शास्त्र, शिकायचं तुमच्या मनाने घेतलंय. परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन मास्टर्स पाहून ठेवलीत. मिस्टर म्हणतात, मुलीची बारावी तोंडावर आहे. सासूबाई विचारतात, ‘आते या वयमा काय शिकशी?’

शिका. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्या पदवीला लाखो रुपये भरावेत का, याबद्दल मात्र आहे.

पत्रभर तुम्ही त्या जखमी विद्यार्थिनीबद्दल लिहिलंत. बढतीचा, पगाराचा शब्दही नाही. तुम्हाला हवंय ते ज्ञान, आणि त्यातलं बरंचसं आजच हाताशी आहे. उडी मारून उतरताना किंवा पळता पळता झटकन वळताना गुडघा आत झुकला, की त्या लिगामेंटवर ताण येतो. सारख्याच खेळात मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा जास्त होते. कमरेचे आणि मांडीच्या मागचे स्नायू बळकट केले, नीट उतरायला शिकवलं, तर धोका कमी होतो. फुटबॉलपटूंसाठी तयार केलेला ‘फिफा ११+’ हा १५ व्यायामांचा, साधारण २० मिनिटांचा वॉर्म-अप मोफत मिळतो. तो या सोमवारीच मैदानावर घ्या. तुमच्या बी.पी.एड.ची शरीररचनेची पुस्तकंही माळ्यावरून काढा. मास्टर्सला तोच पाया लागतो, आणि जोडीला संख्याशास्त्र.

वर्षभर असं शिकूनही भूक राहिली, तर पदवीचा विचार जरूर करा. पैसे भरण्याआधी त्या पदवीला भारतात समकक्षता मिळेल का, हे लेखी विचारून घ्या. मुख्याध्यापकांमार्फत संस्थेची परवानगीही घ्या. ही पदवी घेऊन फिजिओथेरपिस्ट होता येत नाही, उपचार करता येत नाहीत. आणि वर्ग थेट असतील तर वेळा तपासा: न्यूयॉर्कची संध्याकाळ सातची वेळ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेचार. त्याच दिवसांत तुमची सकाळची शाळा, लग्नसराई आणि बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, गडबड. हे सगळं पेलताना घरातलं कुणीतरी स्वयंपाकघरात उभं राहायला हवं.

म्हणून मिस्टरांकडे परवानगी मागू नका, वेळ मागा. रोज पहाटेचा एक तास, आणि त्या तासाचा चहा-डबा त्यांच्याकडे. मुलगी अभ्यासाला बसते तेव्हा तुम्हीही तिच्या शेजारी बसा. आई अभ्यास करते म्हणून बारावी बिघडते, हे मला पटत नाही. सासूबाईंना उत्तर देत बसू नका. त्यांचे गुडघे दुखत असतील, तर डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम त्यांच्यासोबत करा.

पुढे प्रबंध लिहायची वेळ आली, तर विषय लांब शोधू नका. रावेर-यावलला केळीचे घड डोक्या-खांद्यावर वाहणारे मजूर आहेत, तुमच्याच तालुक्यात दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाया आहेत. त्यांच्या मणक्यांवर काय भार येतो, हे त्यांच्या बोलीत विचारून समजून घेणारं माणूस तुमच्यासारखंच हवं. तुमचं पत्र वाचून माझी तर तुमच्यापेक्षाही जास्त इच्छा आहे की तुम्ही तिथवर जावं.

मुलीच्या शिक्षणाची एफडी मात्र मोडू नका. फी पगारातून साठवा, त्यात दोन वर्षं गेली तरी चालतील.