क्रिएटिनिन नॉर्मल होतं, मग एका दिवसात असं कसं झालं?

प्रश्न: मी लातूरला स्टेपडाउन वॉर्डात (आयसीयूच्या खालोखाल देखरेखीचा वॉर्ड) स्टाफ नर्स आहे. मे महिन्यात शेतात चक्कर येऊन पडलेले एक काका आले, वजन ६० किलो. क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा) १.२ होतं म्हणून सगळे निवांत, पण रात्रभर बॅगेत तासाला १५ मिली लघवी. दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन २.४! पहिला रिपोर्ट चुकला होता का?

उत्तर: नाही सिस्टर, रिपोर्ट बरोबरच असणार. किडनी मंदावली तरी क्रिएटिनिन रक्तात साठायला वेळ लागतो, लघवी मात्र आधीच सांगून टाकते. तासाला किलोमागे अर्धा मिलीपेक्षा कमी, आणि असं सलग सहा तास, म्हणजे अक्यूट किडनी इंज्युरी (किडनीचं काम अचानक बिघडणं) धरायची. तुमच्या काकांना ३० मिली हवी होती, झाली निम्मी. म्हणून चार्टवर नुसतं 'लघवी झाली' लिहू नका, तासातासाचा आकडा टाका आणि डॉक्टरांना फोनवर तोच सांगा.

फोनच्या आधी कॅथेटरची नळी बघा, पिळलीय का, काकांच्या मांडीखाली दबलीय का, ओटीपोट टम्म आहे का. यात दोन मिनिटं जातात आणि कधीकधी सगळं कोडं तिथंच सुटतं. मग बीपी, जीभ कोरडी आहे का ते. आणि नातेवाइकांना गोळ्यांचं नीट खोदून विचारा, कारण आपल्याकडं उन्हात राबणारा माणूस कंबर दुखली की मेडिकलवरून डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी आणतो, वर बीपीची टेल्मिसार्टन चालूच, अंगात पाणी नाही, मग किडनीचा रक्तपुरवठा आटणारच की. अशा कोरड्या पेशंटला लघवी होत नाही म्हणून लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) दिलं तर आणखी बिघडतं. उलट सलाइन जोरात सोडलं आणि धाप लागली, छातीत खालच्या बाजूला चरचर ऐकू आली, तर फुफ्फुसात पाणी साचत असेल, लगेच कळवा.

किडनी मंदावली की पोटॅशियमही रक्तात साठतं, त्यावर डोळा ठेवा. मॉनिटरवर हृदयाच्या आलेखातली टी वेव्ह उंच, टोकदार दिसली तर ईसीजी काढा, डॉक्टरांना बोलवा. कॅल्शियम ग्लुकोनेट हृदयाला सांभाळतं, पोटॅशियम कमी करत नाही. पोटॅशियम इन्शुलिन-डेक्स्ट्रोजनं पेशींत जातं, तेही तात्पुरतंच, आणि किडनी मंद असली की इन्शुलिन अंगात जास्त वेळ टिकतं, त्यामुळं पुढचे पाच-सहा तास दर तासाला शुगर बघा. आणि हो, नातेवाईक प्रेमानं शहाळं घेऊन येतात, त्यात पोटॅशियम भरपूर असतं, अशा पेशंटला ते द्यायचं नाही हे त्यांना आधीच सांगून ठेवा.