खुडूक कोंबडी उठतच नाही, काय करू?

प्रश्न : ताई, मुंबईची नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी आम्ही संगमेश्वरजवळ गावी राहायला आलो. परसात सहा गिरिराज जातीच्या आणि एक गावठी कोंबडी आहे, कोंबडा नाही. गावठी कोंबडी बारा दिवस खुराड्यातून उठत नाही. हात नेला की पिसं फुलवून टोचते. शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून दोनदा गार पाण्यात बुडवली, पण पिसं सुकायच्या आत परत जाऊन बसली. आता एकजण म्हणतात, तिचंच पीस काढून नाकातून आरपार घाला. मला ते धजवत नाही. तिच्या पोटाखाली गिरिराजची चार अंडी आहेत, ती खाल्ली तर चालतील का?
– एक वाचक, जि. रत्नागिरी

उत्तर : पीस घालू नका. धजवत नाही हे बरंच आहे. आमच्या गावातही घालायचे, मी लहानपणी पाहिलंय. कोंबडी दिवसभर मान झटकत राहायची, चारा सोडायची. पाण्यात बुडवणंही आता थांबवा. पावसाळ्यात ओली कोंबडी सर्दीनं बसली तर खुडूक परवडली म्हणाल.

ती आजारी नाही, हट्टीही नाही. खुडूक म्हणजे अंडी उबवायला बसलेली. दहा-बारा अंडी घालून झाली की गावठी कोंबडीला बसायची ओढ लागते. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, अंडी घालणं थांबतं आणि अंग तापतं. एकदा संध्याकाळी हळूच तळहात तिच्या पोटाखाली सरकवून बघा. छातीवरची पिसं गळून कातडी उघडी पडलेली लागेल आणि भाकरी उतरवलेल्या तव्याच्या कडेसारखी ऊब जाणवेल. तशात ती दिवसातून जेमतेम एकदा उठते, घाईघाईनं चार दाणे टिपते, पाणी पिते, मोठी घाणेरडी शीट टाकते आणि परत बसते. तुमच्याकडे कोंबडा नाही, म्हणजे खालची अंडी फळलेली नाहीत. एकवीस काय, चाळीस दिवस बसली तरी पिल्लू निघायचं नाही, आणि ती मात्र वाळत जाईल. म्हणून सांगते, काय ते याच आठवड्यात ठरवा. एक तर तिला मोडा, म्हणजे तिची बसायची ओढ मोडा, नाही तर नीट अंडी देऊन बसवा.

ती चार अंडी खाऊ नका. बारा दिवस उबेत राहिलेली आहेत. माडाच्या बुंध्यात पुरून टाका. आणि बाकीच्यांची अंडी रोज दोनदा उचला, नाही तर त्या तिच्याच खाली जाऊन घालत राहतात.

मोडायचं असेल तर भाजीचे दोन प्लॅस्टिकचे क्रेट घ्या, तळाला भोकं असलेले. तोंडाला तोंड लावून सुतळीनं बांधा आणि चार विटांवर ठेवा. आत पेंढा नको, फडकं नको, फक्त दाण्याची आणि पाण्याची वाटी. खालून वारा लागला की पोट गार पडतं आणि बसायची ओढ आपोआप ओसरते. सावलीत, बाकीच्या कोंबड्या दिसतील अशा जागी ठेवा. रात्री पडवीत घ्या, मुंगूस आणि रानमांजर फार वाईट. चौथ्या दिवशी संध्याकाळी सोडा. दांडीवर चढून झोपली तर मोडली. खुराड्याच्या कोपऱ्याकडे धावली तर आणखी दोन दिवस. अंडी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी सुरू होतात.

पण पडवीत कोरडा, अंधारा कोपरा असेल तर मी तिला बसवीन. गिरिराज सहसा खुडूक बसत नाहीत, तुमच्याकडे पिल्लं काढणारी ही एकटीच आहे. जागा ओली असेल तर मात्र आत्ता मोडा. भिजलेली पिल्लं हातात धरून चुलीशी बसायची वेळ माझ्यावर आलीय, फारशी वाचत नाहीत. दिवाळीनंतर ती परत बसेलच.

बसवणार असाल तर ज्यांच्या कळपात कोंबडा आहे त्यांच्याकडून नऊ-दहा अंडी आणा. आठवड्याच्या आतली, न धुतलेली, फ्रीजमध्ये न ठेवलेली. पाटीत तळाला चुलीची राख पसरा, त्यानं उवा कमी होतात, वर पेंढा. कोंबडी रात्री अंधारात हलवा, दिवसा हलवलेली उठून जुन्या जागी पळते. आणि प्रत्येक अंड्यावर कोळशानं रेघ ओढा. मी पहिल्या वर्षी ओढली नव्हती. दुसऱ्या कोंबड्या तिच्याखाली घालत गेल्या, ताजं कुठलं आणि उबवायला ठेवलेलं कुठलं ते कळेना. एकविसाव्या दिवशी पाच पिल्लं निघाली, आई त्यांना घेऊन अंगणात उतरली, आणि मागं राहिलेल्या सहा अंड्यांत अर्धी घडलेली पिल्लं गार होऊन गेली. ती फोडून बघितली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आठव्या रात्री मोबाइलच्या टॉर्चवर एकेक अंडं धरून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या की अंडं धरलंय. नुसता पिवळसर उजेड आरपार आला तर काढून टाका. अठराव्या दिवसानंतर अजिबात हात लावू नका. कवच टोचून पिल्लू तासन्‌तास थांबतं, तेव्हा फोडून बाहेर काढायचा मोह होतो, पण आतलं रक्त अजून शोषलं जायचं असतं. पहिल्या दिवशी पिल्लांना दाणा मिळाला नाही तरी चालतं. मग बारीक कणी आणि उथळ ताटलीत पाणी द्या, ताटलीत दोन-चार खडे टाका म्हणजे बुडत नाहीत.

पाचव्या ते सातव्या दिवसात मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लासोटा लस डोळ्यात एक थेंब घालायची. कुपी बहुतेक शंभर मात्रांची येते आणि उघडली की साठवता येत नाही, तेव्हा आधी वाडीत विचारून ठेवा. चार घरांची पिल्लं एकाच सकाळी उरकतात.