विकसनशील देशांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवायचंय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही डेव्हलपर आहात आणि पेशंट रेकॉर्डचं ॲप शून्यापासून लिहायचा विचार आहे. मी या प्रकारच्या प्रोजेक्टवर काम केलंय म्हणून अगदी कळकळीने सांगतो, आधी कोड लिहू नका.

पेशंट रेकॉर्डसाठी ओपनएमआरएस नावाचं सॉफ्टवेअर आहे, २००४ साली सुरू झालं, केनिया आणि रवांडात २००६ पासून वापरात. महिन्याच्या रिपोर्टसाठी ओस्लो विद्यापीठाचं डीएचआयएस२ आहे, कितीतरी देशांची आरोग्य खाती तेच वापरतात. दोन्ही फुकट आणि ओपन सोर्स, म्हणजे कोड कुणालाही बघता-बदलता येतो. युगांडात तर अशा आरोग्य-सॉफ्टवेअरचे पायलट प्रोजेक्ट इतके झाले, आणि एकमेकांशी डेटा न जुळणारे, की २०१२ मध्ये सरकारनेच अशा नवीन प्रोजेक्टवर बंदी घातली होती.

आता खरा मुद्दा. केंद्रात बऱ्याचदा एकच नर्स असते, तीच तपासते, तीच लस देते, तीच औषधं देते आणि संध्याकाळी रजिस्टरंही तीच भरते. तिथे तुम्ही टॅबलेट दिला आणि रजिस्टर तसंच ठेवलं तर तिचं लिहिण्याचं काम डबल झालं, मग ती महिनाअखेरीला सगळं एकदम भरणार आणि त्या डेटाला काही अर्थ उरत नाही. तिचा दोष नाही यात. त्यामुळे कोणतं रजिस्टर बंद होणार हे आरोग्य खात्याकडून आधी लेखी घ्या, हे ॲपपेक्षा अवघड आहे पण याशिवाय पुढे जाऊच नका.

मी सुरुवात औषधांच्या स्टॉकपासून करेन. टांझानियात २००९-१० मध्ये ३ जिल्ह्यांत साधे एसएमएस वापरले, केंद्राने दर आठवड्याला मलेरियाच्या औषधांचा स्टॉक कळवायचा, बस. सुरुवातीला ७८ टक्के केंद्रांत एखादं तरी औषध संपलेलं होतं, २१ आठवड्यांनी २६ टक्के. अर्थात हे झालं कारण मेसेज वाचून औषध पोचवणारा माणूस जिल्ह्याला होता, नुसत्या एसएमएसने गोळ्या येत नाहीत.

ॲप नेट नसताना चालायलाच हवं, सिंक (डेटा सर्व्हरवर जाणं) नेट आल्यावर होऊ दे. एकाच नावाचे चार पेशंट असतात आणि जन्मतारीख कुणालाच नक्की माहीत नसते, तेव्हा पेशंटच्या कार्डावर क्यूआर कोड द्या. आणि नर्सला बदल्यात काहीतरी मिळू दे, म्हणजे बीपीचे कोणते पेशंट ठरलेल्या तारखेला आले नाहीत त्यांची यादी सकाळीच फोन नंबरसकट समोर यावी, एका टॅपवर कॉल लागावा.