शाळेतल्या छळाची तक्रार मुख्याध्यापकांकडे द्यायची की पोलिसांत?

तुम्ही विचारलंय : बहिणीची मुलगी आठवीत आहे, एका सरांच्या वागण्याबद्दल तिने घरी सांगितलं. मुख्याध्यापक म्हणतात, व्यवस्थापनाच्या नावाने अर्ज द्या, चौकशी समिती नेमू, तोवर बाहेर बोलू नका. आता काय करायचं, आणि मुलीचं नाव गावभर होईल का?

ताई, अर्ज द्यायचा तर द्या आणि पोचही घ्या. पण समितीची वाट बघू नका. मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या हायस्कुलात शिकवलंय आणि अशाच एका प्रकरणात मुलीच्या आईबरोबर पोलीस स्टेशनात गेले आहे. आम्हालाही तेव्हा 'चवथ होऊ द्या, मग बघू' असं सांगितलं होतं. चवथ झाली, दिवाळी आली, आणि तोपर्यंत मुलीने शाळेत जाणंच सोडलं होतं.

मूल अठरा वर्षांखालचं असेल, मुलगी असो वा मुलगा, तर २०१२ चा पॉक्सो कायदा (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा) लागतो. त्याचं कलम १९ म्हणतं की असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवायचंच. आधी चौकशी करून मग ठरवू, ही मोकळीक शाळेला नाही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे मुख्याध्यापकांना शांतपणे सांगून बघा. आमच्याकडे तरी आवाज लगेच खाली आला होता.

तक्रार मुलीनेच द्यायला हवी असंही नाही. मावशी म्हणून तुम्ही देऊ शकता. कुठलंही पोलीस स्टेशन चालतं, 'आमच्या हद्दीत नाही' हे कारण होत नाही. पणजीत महिला पोलीस स्टेशन आहे. रात्री-अपरात्री १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहेच. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंदच करत नसतील तर अधीक्षकांना लेखी पाठवा. न नोंदवणं हाही त्याच कायद्याखाली गुन्हा आहे. पुढे चोवीस तासांत पोलिसांनी बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. गोव्यात २००३ च्या बाल कायद्यामुळे पणजीत बाल न्यायालय आहे. मडगावच्या फ्रेडी पीट्स प्रकरणानंतर (अनाथाश्रमाच्या आडून तो मुलांचं लैंगिक शोषण करायचा, १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली) बऱ्याच लोकांनी रेटल्यावर तो कायदा आला. 'असलं आपल्याकडे होत नाही' म्हणणाऱ्यांना त्याची आठवण करून द्यावीशी वाटते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मुलगी जे बोलली ते तिच्याच शब्दांत, त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. आमच्या प्रकरणातली मुलगी कोंकणीत म्हणाली होती, 'सरान म्हजो हात धरलो आनी सोडिना जालो.' मुख्याध्यापकांच्या अर्जात त्याचं झालं 'विद्यार्थिनीशी गैरवर्तन'. पोलिसांच्या इंग्रजीत तर हातही गेला. आम्ही अडून बसलो. नोंद वाचून दाखवणं बंधनकारक आहे, ती ऐकली आणि कोंकणी वाक्य जसंच्या तसं घालायला लावलं. आणि तिला पुन्हा पुन्हा विचारू नका. आजी, काका, शेजारीण प्रत्येकाने विचारलं की गोष्ट प्रत्येक वेळी थोडी वेगळी निघते, आणि समोरचा वकील नेमकं तेच पकडतो. सरांचे मेसेज असतील तर फोन तसाच ठेवा, काही पुसू नका.

'सिद्ध झालं नाही तर आपणच अडकू' ही धास्ती आमच्या घरोघरी होती. चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीसाठी कारवाई होत नाही, आणि मुलाने चुकीचं सांगितलं तरी मुलाला शिक्षा नाही.

नावाचं म्हणाल तर पेपरवाल्यांना नाव, फोटो, शाळा, पत्ता काहीच छापता येत नाही. आमच्याकडे ते फुटलं शिक्षकांच्या खोलीतून. 'आठवी ब मधली, पुलापलीकडची' एवढं पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं की वाड्याला पुरतं! तसा मेसेज दिसला तर स्क्रीनशॉट काढून तपास अधिकाऱ्याला द्या. देवळात गाऱ्हाणं घालून मिटवू म्हणणारेही येतील. हा गुन्हा आपसांत मिटत नाही, एवढं सांगून त्यांना चहा द्या.

(शाळेतल्या बाईंचा छळ होत असेल तर वाट वेगळी : कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत समिती, आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत.)

पहिल्या दिवशी मुलीला पोलीस स्टेशनात नेऊ नका. तिचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता, आणि तिच्या विश्वासाचं माणूस जवळ ठेवून. आमच्याकडे आलेल्या बाई सलवार-कमीजमध्ये होत्या. ओटीवर माणसं बघून सरळ स्वयंपाकघरात गेल्या, पाटावर बसल्या आणि आईने सुपात काढून ठेवलेल्या शेंगा सोलायला घेतल्या. थोड्या वेळाने मुलगीही सोलायला बसली. निम्मं सूप झालं तेव्हा ती आपणहून बोलायला लागली.