सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर होणारा परिणाम) असलेल्या मुलाच्या हाताची क्षमता कशी तपासतात?

नुसती मुठीची ताकद बघून काही कळत नाही. मूल रोजच्या वस्तू कशा हाताळतं, ते आधी पाहायचं. त्यासाठी ४ ते १८ वर्षांच्या मुलांना 'मॅक्स' (MACS) हे हाताच्या क्षमतेचं वर्गीकरण लावतात: पातळी १ म्हणजे वस्तू सहज हाताळता येतात, ५ म्हणजे साध्या कृतीलाही पूर्ण मदत लागते. त्याहून लहानांसाठी 'मिनी-मॅक्स' आहे. पातळी ठरवताना पालकांना विचारलंच पाहिजे. दवाखान्यात बुजलेलं मूल घरी बरंच काही करत असतं.

एकाच बाजूला त्रास असेल तर मला 'असिस्टिंग हँड असेसमेंट' सर्वांत उपयोगी वाटते. दोन्ही हात लागतील अशी खेळणी देतात, व्हिडिओ घेतात आणि कमजोर हात आपणहून किती मदतीला येतो, याला गुण देतात. स्नायूंचा ताठरपणा, स्पर्शज्ञान वगैरे ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून उपचार देणारे तज्ज्ञ) वेगळं तपासतात.