छोटी रेल्वे, डळमळती नोकरी

प्रश्न : कंपनीत कपातीची कुणकुण आहे. आठ बाय चार फुटांच्या प्लायवर एचओ (खऱ्याच्या 87 व्या हिश्श्याची) मॉडेल रेल्वे, म्हणजे लेआउट, करायचं ठरलं होतं. थांबवू का? (एक वाचक, पुणे)

लेआउट थांबवू नका, आठ बाय चार थांबवा. नोकरी पक्की असती तरी हेच सांगितलं असतं. तो प्लाय लिफ्टमध्ये जात नाही, भिंतीला टेकवला की पलीकडे घसरलेल्या डब्यापर्यंत हात पोचत नाही, आणि गोल-गोल फिरणारी गाडी बघायचा उत्साह फार टिकत नाही.

त्यापेक्षा 'इंगलनुक' करा. ब्रिटनच्या ॲलन राइट यांची ही रचना. दोन सांधे (गाडीला रूळ बदलायला), तीन सायडिंग (डबे उभे करायचे बाजूचे रूळ). एकीत पाच मालडबे मावतात, बाकी दोन्हींत तीन-तीन. शंटिंग नेकमध्ये, म्हणजे इंजिन पुढे-मागे करायच्या तुकड्यात, इंजिन आणि तीनच डबे. आठ डब्यांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, पाच उचलायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावायची. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण असे क्रम 6,720 होतात. एचओमध्ये साधारण पाच फूट लांब, फूटभर रुंद फळी पुरते.

एक इंजिन, आठ डबे आणि साधा 12 व्होल्टचा डीसी कंट्रोलर, बस्स. सहा महिन्यांचे हप्ते आणि किराणा बाजूला पडेपर्यंत कॅटलॉगातली दुसऱ्या इंजिनाची पानंही चाळू नका.

प्रश्न : माझं कंत्राट मार्चपर्यंत आहे. पुढे बंगळूर की जर्मनी, ठाऊक नाही. बार्शी लाइट रेल्वे करायची फार इच्छा आहे. (एक वाचक, सोलापूर)

विषय छान निवडलात. 1897 ची, इंग्रज इंजिनिअर कॅलथ्रॉप साहेबांची ही नॅरोगेज 762 मिलिमीटरची. त्याला 87 ने भागा, 8.76 येतात. एचओहून लहान अशा एन स्केलचे रूळ 9 मिलिमीटरचे, म्हणजे एचओच्या माणसांशेजारी ते जवळपास बरोबर दिसतात. उलट आपली ब्रॉडगेज 1676 ची. एचओत ती 19.3 हवी, पण रूळ मिळतात 16.5 चे, जाणकाराला ते खटकतंच. शिवाय बार्शीचे डबे तयार मिळणं कठीण. एनच्या चासीवर (चाकांच्या सांगाड्यावर) स्टायरीन, म्हणजे प्लॅस्टिकचे पातळ पत्रे, कापून स्वतः करायचे. यात पैसा कमी आणि वेळ जास्त जातो, म्हणजे तुमच्या परिस्थितीला सोयीचंच.

मुक्काम हलणार असेल तर फळ्या प्रत्येकी चार फुटांच्या आत ठेवा. दोन फळ्या नुसत्या नट-बोल्टवर जोडू नका. बोल्टच्या भोकात फळी केसभर सरकते आणि तेवढ्यानेही गाडी रुळावरून उतरते. पितळी खुंट्या बसवा. फळ्या जोडलेल्या असतानाच रूळ फळ्यांच्या जोडावरून अखंड टाका. जोडाच्या दोन्ही कडांना पीसीबीच्या (तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाच्या) पट्ट्या स्क्रूने पक्क्या करून त्यांवर रूळ झाळा, पट्टीवरचं तांबं मधोमध खरवडा (नाहीतर दोन्ही रूळ शॉर्ट होतील), आणि मग बारीक करवतीने रूळ कापा. क्रम उलटा केलात तर रूळ समोरासमोर येता येत नाहीत. कोणत्या रंगाची वायर कुठे जाते ते वहीत लिहा. खोकी उघडेपर्यंत लक्षात राहणार नाही.

प्रश्न : यांची नोकरी जाऊन दोन महिने झाले. दिवसभर खोलीत बसून झाडं चिकटवतात. बोलावं का? (एक वाचक, ठाणे)

ताई, बोला, पण झाडांवरून नको. झाडं स्वस्त असतात. तार पिळून खोड, भुसा रंगवून पालवी. सकाळचं काय करायचं ते मात्र दोघांनी बसून ठरवा. अर्ज, ओळखीच्यांना फोन, मुलाखतीची तयारी हे जेवणाआधी, मग खुशाल जंगल उभारू द्या. दिवसभर नकाराचे मेल वाचणाऱ्या माणसाला हातून काहीतरी पुरं होताना दिसणं गरजेचं असतं. झोप उडाली, जेवण तुटलं, लेआउटलाही हात लावेनासे झाले, तर मात्र वाट बघू नका. डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : घरखर्चासाठी इंजिनं विकावीत का? (एक वाचक, नाशिक)

गरज असेल तर विका, लाज कसली? मूळ खोकं आणि कागद असलेली आधी काढा, त्यांना बरा भाव येतो. फोटोत चाकं नीट दिसू द्या. घेणारा आधी तीच बघतो. रूळ आणि सांधे राहू द्या. वापरलेल्याला कोणी धड किंमत देत नाही आणि नवे घेताना खिसा रिकामा होतो.