वाचकांचे प्रश्न : घरच्या पार्किंगमधली गंजलेली पिकअप

या वेळच्या टपालात जुन्या पिकअप घरीच दुरुस्त करून उभ्या करायला घेतलेल्यांची पत्रं जास्त आहेत, म्हणून सदर पूर्ण त्यांनाच दिलंय. प्रश्न थोडे आटोपशीर केलेत, नावं गाळलीत, एरिया तेवढा ठेवलाय.

दादा, वडिलांची १९९३ ची टाटामोबाईल घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. त्यांनी वर्षानुवर्षं तिच्यातून मार्केट यार्डात भाजी नेली, आता ते थकलेत. ड्रायव्हरच्या पायाखाली भोक पडलंय, हौद्याचा पत्रा कोपऱ्यात फुगलाय, फाळक्याच्या बिजागऱ्या जाम आहेत. एक पेंटर म्हणतात लांबी (म्हणजे पुट्टी) भरून पंधरा दिवसांत नवी करून देतो. मला नोकरी सांभाळून स्वतः करायचीय. सुरुवात कुठून करू? (धायरी)

आधी पेंटरला थांबवा. लांबी ही वेल्डिंग झालेल्या पत्र्यावरचा बारीक खळगा सपाट करायला असते, भोक बुजवायला नाही. भोकावर मारलेली लांबी मागून ओल धरते, एक पावसाळा गेला की कडेने फुगते आणि रंगासकट सुटून येते, आणि तोवर आत गंज आरामात पसरलेला असतो.

दुसरं, ताडपत्री आजच काढा. वर शेड आहे ना, मग पाऊस लागत नाही, ताडपत्री फक्त जमिनीची ओल आत कोंडून ठेवते, रात्री पत्र्याला घाम येतो आणि दिवसा तो वाळायला वाव नसतो. गाडीला वारा लागू दे.

आणि मग लगेच ग्राइंडर हातात घेऊ नका. आधी एकच गोष्ट शोधायची, ती म्हणजे पाणी कुठून येतंय आणि कुठे साचतंय. गंज जिथे दिसतो तिथे तो क्वचितच सुरू झालेला असतो. तुमचं पायाखालचं भोकच बघा, लोकांना वाटतं खालून चिखल उडून झालं, पण जुन्या केबिनमध्ये बऱ्याचदा ते वरून झालेलं असतं. पुढच्या काचेचं रबर कडक होऊन कोपऱ्यात उचलतं, तिथून पाणी डॅशबोर्डमागून ओघळत खाली येतं आणि रबरी मॅटखालच्या जाड नमद्यात मुरतं. मॅट उचला आणि नमदा पिळून बघा, बऱ्याच गाड्यांत तो भर उन्हाळ्यातही दमट निघतो, आणि त्याच्याखालचा पत्रा बोटाने चुरडला जातो. एकाला आत टॉर्च घेऊन बसवा, बाहेरून पाइपने काचेवर हळूहळू पाणी सोडा, पाच मिनिटांत कळेल. काचेचं रबर न बदलता नवा फ्लोअर टाकलात तर तो फ्लोअरही जाणार हे नक्की.

मग एक टॉर्च, एक जुना स्क्रू ड्रायव्हर आणि छोटा हातोडा घेऊन गाडीखाली जा. गाडी जॅक स्टँडवरच ठेवायची, विटांवर किंवा नुसत्या जॅकवर अजिबात नाही, वीट भार आला की न सांगता फुटते. चासीवर टकटक करत मागे सरकत जा. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, खाल्लेलं बद्द वाजतं, आणि बद्द वाजलं तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबून बघायचा. जास्त लक्ष द्यायच्या जागा म्हणजे स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर जिथे चासीला बसतात तो भाग, मागच्या अॅक्सलवरचा उंचवटा, केबिनच्या माउंटिंगखालची जागा आणि दरवाज्यांचा खालचा काठ. दरवाज्यांना खाली पाणी निघायची भोकं असतात, ती मातीने बुजली की दरवाजा आतून सडतो. हौद्याच्या कोपऱ्यात दोन पत्रे एकावर एक असतात, तिथला फुगवटा म्हणजे मधला गंज, लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो म्हणून तो पत्रे फाकवतो. तिथे वरून घासून काही होणार नाही, कापावंच लागेल.

आता स्पष्ट सांगतो. केबिन, हौदा, फाळका हे सगळं घरी जमतं, वेळ लागेल पण जमतं. चासीची पट्टी मात्र हँगरजवळ आरपार गेली असेल तर ते काम घरचं नाही, चासीचं काम रोज करणाऱ्या फॅब्रिकेटरकडेच द्या. तिच्यावर माल, माणसं आणि ब्रेक सगळं अवलंबून असतं.

पार्टसचं म्हणाल तर तुम्ही नशीबवान आहात. टाटामोबाईल टेल्कोने (म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने) १९८८ मध्ये आणली, आपल्या पुण्याच्याच कारखान्यातली गाडी, आणि नंतर १९९१ ची सिएरा आणि १९९२ ची इस्टेट त्याच पायावर बांधल्या. त्यामुळे काही मेकॅनिकल पार्ट एकमेकांना चालतात. नाना पेठेत पार्ट आणायला जाताना जुना पार्ट पिशवीत घालूनच जा, नुसतं नाव सांगून आणलेला पार्ट बसेलच असं नाही. बारीकसारीक म्हणजे हँडल, आरसे, दिव्यांच्या काचा यासाठी रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मारा.

आणि काही सोडायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, प्रत्येक जागेचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, वर मार्करने नाव. आठ महिन्यांनी हे किती उपयोगी पडतं ते तेव्हाच कळेल. वडिलांना खुर्ची टाकून शेजारी बसवा, कुठला बोल्ट कधी बदलला, कुठे ठोकर लागली होती हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसेल.

गंज काढायला एकाने हार्डवेअरच्या दुकानातलं तेजाब (अॅसिड) सांगितलं, दुसऱ्याने ब्लास्टिंग, म्हणजे जोराने वाळू मारून घासणं, तिसरा म्हणतो रस्ट कन्व्हर्टर मारून टाक. खरं कुणाचं? (चिंचवड)

तेजाब नको, हे पहिलं. गंज पटकन खातं खरं, पण सांध्यांत आणि फटींत जे शिरतं ते धुतलं जात नाही, आणि तिथून नवा गंज जोरात सुरू होतो, शिवाय त्याच्या वाफेने शेडमधली बाकी हत्यारंही गंजतात.

ब्लास्टिंग चासी, ब्रॅकेट, चाकं अशा जाड गोष्टींना उत्तम. भोसरीच्या एमआयडीसीत तुमच्या जवळच करून मिळेल. पण बॉनेट, दरवाजा, छत असे मोठे सपाट पातळ पत्रे वाळूने ब्लास्ट करू देऊ नका, पत्रा ताणतो आणि लाटा येतात, मग त्या कुठलाच डेंटर पूर्ण काढू शकत नाही. आणि ब्लास्टिंगहून आलेला पार्ट त्याच दिवशी प्रायमर करायचा. उघडं लोखंड पावसाळी हवेत काही तासांत पिवळं पडतं.

कन्व्हर्टर म्हणजे फॉस्फोरिक किंवा टॅनिक अॅसिडचं द्रावण, ते गंजाचं रूपांतर टिकाऊ थरात करतं, टॅनिकवाल्याने पृष्ठभाग काळा पडतो. पण ते फक्त वरवरच्या, घट्ट बसलेल्या गंजावर. पापुद्रे आधी वायर ब्रशने आणि खरवडायच्या पात्याने काढायचे, पापुद्र्यावर मारलंत तर वरचा थर काळा होतो आणि खाली गंज जसाच्या तसा.

छोट्या पार्टना, म्हणजे बिजागऱ्या, लॅच, ब्रॅकेट यांना, मला सगळ्यात आवडतं ते विजेचं काम. प्लास्टिकच्या टबात दहा लिटर पाणी, त्यात धुण्याच्या सोड्याचे दोन-तीन मोठे चमचे, साध्या लोखंडाची एक पट्टी एका बाजूला, पार्ट दुसऱ्या बाजूला, दोघं एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत, आणि १२ व्होल्टचा साधा बॅटरी चार्जर. निगेटिव्ह पार्टला, पॉझिटिव्ह पट्टीला, उलटं केलंत तर पार्टच खाल्ला जाईल. रात्रभरात गंज काळा, मऊ होतो आणि ब्रशने निघतो, चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. पट्टी स्टेनलेसची वापरू नका, क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. मीठही टाकू नका, क्लोरीन निघतो. आणि टब उघड्यावर ठेवा, हायड्रोजन वायू सुटतो, बंद खोलीत तो पेटायला एक ठिणगी पुरते.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये वेल्डिंग करू का? माझ्याकडे साधं आर्क मशीन आहे. (कोथरूड)

सोसायटीच्या कॉमन पार्किंगमध्ये नको. शेजारी दहा दुचाक्या पेट्रोल भरून उभ्या असतात, एक ठिणगी कुठे जाईल सांगता येत नाही. कापणं, फिटिंग, घासणं तिथे करा (तेही सेक्रेटरींना विचारून आणि लोकांच्या दुपारच्या झोपेची वेळ टाळून), वेल्डिंगला मित्राची मोकळी जागा बघा.

आर्क मशीनने केबिनचा पत्रा जोडता येत नाही असं नाही, पण तो जेमतेम मिलिमीटरभर असतो आणि गंजून आणखी पातळ झालेला, रॉड टेकवला की भोक मोठंच होतं. मिग मशीन (रॉडऐवजी बारीक तार आपोआप पुढे सोडणारं) भाड्याने घ्या, ०.८ मिलिमीटरची तार, एक टाका इथे, पुढचा एक वीतभर लांब, मग परत मध्ये, असं करत जा, सलग ओढलंत तर पत्रा वाकतो. गंजलेला भाग कापताना दोन्ही बाजूंनी पूर्ण जाडीचं चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापत जायचं, इथे हात आखडू नका, पॅच मोठा झाला तरी चालेल. पॅचला साधा सीआर पत्रा, म्हणजे जस्ताचा थर नसलेला, घ्या. जीआयचा जस्तवाला पत्रा वेल्ड केला की त्याच्या धुराने ताप भरतो, अंग मोडून येतं.

वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोकं आणि अल्टरनेटरची वायर काढायची, डिझेलची टाकी उतरवून लांब ठेवायची. टाकीलाच भोक असेल तर तिला घरी वेल्डिंग कधीच करू नका, रिकाम्या टाकीतली वाफच उडते. आणि ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर लगेच वेल्ड करू नका, काही क्लीनरमधल्या क्लोरीनच्या संयुगापासून जीवघेणा वायू बनतो. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबा, नमद्यात विस्तव दबा धरून राहतो.

सहा वर्षं बंद डिझेल इंजिन डायरेक्ट सेल मारून बघू का? (हडपसर)

नका. जुनं डिझेल आणि ऑइल काढा, ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होताना आत गरम होणारे प्लग) काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या, मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा. हाताने मोकळं फिरलं तरच नवी बॅटरी. आणि इंजिन चालू झालं म्हणून रस्त्यावर काढू नका, आधी ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, व्हील सिलिंडर आतून गंजून अडकतात. सिलिंडर उघडून बघा, रबरी होज चांगले दिसत असले तरी बदला.

दादा, आम्ही बहीण-भाऊ आजोबांची पिकअप करतोय. ती व्हिंटेजमध्ये बसेल का? आणि कागद कधी बघायचे? (बिबवेवाडी)

ताई, कागद आज बघा, एक स्क्रू फिरवायच्या आधी. २०२१ मध्ये केंद्राने आणलेल्या नियमाने व्हिंटेज नोंदणीला गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी लागते आणि ती रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला चालत नाही. म्हणजे अगदी पहिल्या वर्षाची टाटामोबाईलसुद्धा २०३८ पर्यंत त्यात बसत नाही. तुमची जुनी विलीज जीप किंवा त्या काळातली असेल तर वेगळं, आरसीवरची तारीख बघा.

बहुतेक पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेल्या असतात, त्यांना फिटनेस लागतो, आणि तो संपलेला असेल तर कायद्याने नोंदणीच वैध धरली जात नाही. परिवहनच्या वेबसाइटवर नंबर टाकला की टॅक्स, फिटनेस दिसतं. गाडी अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर करून घ्या. रंग बदलायचा विचार असेल तर तो आरसीवर चढवावा लागतो, मूळ रंगच ठेवला तर ती भानगडच नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, चासी नंबर. आरटीओत कागद ठेवून पेन्सिलने ज्याचा ठसा घेतात तो ठोकलेला नंबर गंजाच्या थराखाली असतो, आणि उत्साहात कुणीतरी त्याच्यावर ग्राइंडर किंवा ब्लास्टिंग फिरवतं. नंबर गेला तर गाडी कितीही सुंदर झाली तरी रस्त्यावर आणताना फार त्रास होतो. ती जागा हाताने, मऊ ब्रशने साफ करा, फोटो आणि पेन्सिलचा ठसा घेऊन ठेवा, वर ग्रीस लावून टेप मारा, आणि ब्लास्टिंगवाल्याला समोर उभं राहून दाखवा.

गणपतीच्या आधी रंग उरकायचाय, आमच्या मंडळाची मूर्ती याच गाडीतून आणायचीय. रेड ऑक्साइड मारून ठेवलंय, वरून रंग घेऊ ना? (कसबा पेठ)

भावना कळते, पण नको. रेड ऑक्साइडमधून ओल आरपार जाते, नुसतं रेड ऑक्साइड मारून पावसाळाभर ठेवलेला पत्रा खालून गंजायला लागलेला असतो. शिवाय दमट हवेत मारलेला रंग पांढुरका पडतो आणि नंतर बारीक फोड येतात. गाडीचे ब्रेक आणि कागद नीट असतील तर मूर्ती आहे त्या रंगातच आणा, हौदा धुऊन सतरंजी घाला, झेंडूच्या माळा लावा, बाप्पाला चालतंय.

रंगाचं काम दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की काढा. रेड ऑक्साइड घासून उघड्या लोखंडापर्यंत जा, दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर मारा, सांध्यांत सीम सीलर (फट बुजवणारा लगदा) भरा, मग सरफेसर (पृष्ठभाग सपाट करणारा थर) आणि रंग. सकाळी पत्रा हाताला गार आणि ओलसर लागत असेल तर ऊन चढेपर्यंत थांबायचं.

खालून काळं डांबरासारखं कोटिंग मारून देतो म्हणणारे बरेच भेटतील. गंजावर ते मारणं म्हणजे ओल आत सील करणं, माझा त्याला ठाम विरोध आहे. स्वच्छ, प्रायमर झालेल्या लोखंडावर मारा, हरकत नाही. आणि रंग पूर्ण वाळल्यावर चासीच्या बंद भागांत, दरवाज्यांच्या आत, हौद्याच्या दुहेरी पत्र्यांत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागांत मारायचं पातळ मेण) सोडा, खालच्या भोकांतून ठिबकायला लागलं की समजायचं शेवटपर्यंत पोचलं. ती भोकं मग तारेने मोकळी करून ठेवा.